अलिगढमधले नागपूरचे सर

नागपूरच्या मराठी मुलखात आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. नेमके याच्या उलट, नागपूरचे एक मराठी गृहस्थ अलिगढ मुस्लिम विद्यापीठात मराठी शिकवत होते. प्रा. श्रीनिवास रामचंद्र सिरस हे त्यांचे नाव. आधुनिक भारतीय भाषा विभागाचे ते प्रमुख होते आणि कवीही होते. त्यांच्या 'पायाखालची हिरवळ' या संग्रहाला महाराष्ट्र साहित्य परिषदेचा पुरस्कार मिळाला होता. तरी आम्हाला ते कळले सिनेमामुळे!

समलिंगी प्रेमाचा विषय आपल्याकडे नवा नाही. अलिगढलाच शिकलेल्या इस्मत चुगताईंनी १९४२ मध्ये 'लिहाफ' लिहिली. लाहोरच्या कोर्टात खटला चालला, त्या सुटल्या. पडद्यावर मात्र हा विषय दबकतच आला. जब्बार पटेलांच्या 'उंबरठा'त (१९८२) आश्रमातील दोन स्त्रियांच्या संबंधाचा प्रसंग आहे, पण ओझरताच. १९९८ मध्ये 'फायर' आला आणि मुंबईत थिएटरे फोडली गेली. तेव्हा दिलीपकुमार सर्वोच्च न्यायालयात गेले. श्रीधर रंगायन यांच्या 'गुलाबी आईना'ला (२००३) तर सेन्सॉरने प्रमाणपत्रच नाकारले.

२००९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने असे संबंध गुन्हा नाही, असा निकाल दिला. तरीही ८ फेब्रुवारी २०१० रोजी काही लोक कॅमेरा घेऊन सिरस सरांच्या घरात शिरले. दुसऱ्याच दिवशी सर निलंबित झाले. १ एप्रिलला अलाहाबाद उच्च न्यायालयाने निलंबनाला स्थगिती दिली. ७ एप्रिलला ते घरात मृतावस्थेत सापडले. निवृत्तीला काही महिनेच उरले होते.

हंसल मेहतांचा 'अलीगढ' २०१६ मध्ये प्रदर्शित झाला. तोवर २०१३ च्या निकालाने हे संबंध पुन्हा गुन्हा ठरले होते. मनोज वाजपेयींनी साकारलेले सर घोषणा देत नाहीत. लताबाईंची गाणी ऐकतात, कवितेबद्दल बोलतात, एकटे राहतात. या चित्रपटाने शहराची बदनामी होते, अशी ओरड अलिगढमध्ये झाली.

आमच्या स्टाफरूममध्येही हा विषय निघाला की चहा संपायच्या आत बदलतो. मजहबच्या दृष्टीने अनेकांना हे संबंध मान्य नाहीत. तो वाद येथे मिटणार नाही. पण सूरह नूर परवानगीवाचून दुसऱ्याच्या घरात शिरण्यास मनाई करते आणि सूरह हुजुरात दुसऱ्याची पाळत ठेवण्यास. मग बदनामी कोणी केली, चित्रपटाने की दार ढकलून आत शिरणाऱ्यांनी?

२०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून बाहेर काढले. २०२५ मध्ये रोहन कानवडे यांचा 'साबर बोंडं' हा मराठी चित्रपट सनडान्स महोत्सवात सर्वोच्च ज्युरी पुरस्कार घेऊन आला. गावाकडे घडणारी दोन तरुणांची ती साधी गोष्ट आहे. त्यांच्या घरात कोणी कॅमेरा घेऊन घुसत नाही.

सिरस सर हे दिवस पाहू शकले नाहीत. आम्ही शिक्षकांनी निदान त्यांची कविता शोधून वाचावी. आपल्याच गावचे एक मराठीचे मास्तर म्हणून त्यांची आठवण ठेवावी.