ढग होऊन येणारा देव

नागपूरहून अकोल्याला घरी जाताना मोझरी लागते. तुकडोजी महाराजांनी १९३५ साली इथं गुरुकुंज आश्रम उभारला. महाराज १९०९ चे, अमरावती जिल्ह्यातल्याच यावलीचे. पोरवयात रामटेक, सालबर्डीच्या जंगलांत राहिलेले. त्यांच्या एका हिंदी भजनात देव समुद्रातून ढग होऊन उठतो, पाणी होऊन बरसतो, मग नदी होतो. चक्क भूगोलातलं जलचक्र! पुढे मुंगी येते, डोंगर येतो, अणूसुद्धा.

लहानपणी हे नुसतं म्हणायचो. अर्थ कळला तो खारपाणपट्ट्यात. पूर्णाकाठी अकोला-अमरावतीकडे जमिनीखालचं पाणी खारं, विहीर असून उपयोग नाही. पिकाची भिस्त बव्हंशी ढगावरच. तिथं आभाळाकडे बघणं म्हणजे काही निसर्गसौंदर्य नव्हे राव.

पहिला पाऊस आला की बाबा अंगणात जाऊन हात जोडतात. पूर्वी मी हसायचो.