अग्निशामकांचे शारीरिक सामर्थ्य व स्वास्थ्य

अग्निशामकांचे शारीरिक सामर्थ्य व स्वास्थ्य : आग विझविणे, आगीत सापडलेल्यांची सुटका करणे व तत्सम आपत्कालीन कामे सुरक्षितपणे पार पाडण्यास लागणारे शरीरबल, दमदारपणा, लवचिकपणा आणि मानसिक आरोग्य यांचा या संज्ञेत समावेश होतो. भरतीच्या वेळी पारखावयाचे बळ, एवढाच तिचा अर्थ दीर्घकाळ मानला जात असे. संपूर्ण सेवाकाळात राखावयाचे स्वास्थ्य ही दृष्टी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुजली.

रोमन सम्राट ऑगस्टस याने इ. स. ६ मध्ये रात्रीचा पहारा व अग्निशमन यांसाठी ‘व्हिजिलीझ’ हे दल उभारले. त्यात सात तुकड्या असून प्रत्येकीकडे रोमच्या चौदा विभागांपैकी दोन विभाग सोपविलेले होते. तुकड्यांबरोबर वैद्यही असत, असे कोरीव लेखांवरून दिसते.

आधुनिक काळात शिस्तबद्ध शारीरिक शिक्षणाचा पाया एडिंबरो येथे घातला गेला. तेथे १८२४ मध्ये स्थापन झालेल्या दलाचा प्रमुख जेम्स ब्रेडवुड (१८००–६१) याने सुतार, गवंडी, कौलारू अशा कारागिरांतून तरुण माणसे निवडली. कारण उंचावर वावरण्याची त्यांना सवय असे. त्यांच्याकडून तो नियमित कवायत करून घेई. पुढे लंडनच्या दलाचा प्रमुख असताना १८६१ मधील टूली स्ट्रीटच्या आगीत भिंत कोसळून तो मरण पावला. त्याचा उत्तराधिकारी आयर मॅसी शॉ याने खलाशांना पसंती दिली. पॅरिसमध्ये १८१० साली ऑस्ट्रियाच्या राजदूताच्या निवासस्थानी भीषण आग लागली. त्यानंतर नेपोलियनने १८११ मध्ये लष्करी अग्निशामक दल स्थापन केले व पुढे तेथे व्यायामविद्येला महत्त्व आले. उंचावरील फळीला धरून केवळ हातांच्या बळावर स्वतःला वर चढविण्याची ‘ला प्लांश’ ही कसोटी त्या दलात आजही प्रचलित आहे.

हातपंपांच्या काळात मुख्य श्रम पाणी उपसण्याचे होते व त्यासाठी बघ्यांनाही मजुरी देऊन लावीत. वाफेचे व नंतर मोटारीचे बंब आल्यावर हे श्रम संपले. परंतु जळत्या इमारतीत शिरण्याचे काम वाढले. पूर्वी धूर सहन करणे हे मर्दुमकीचे लक्षण समजत. श्वसनसाहित्यामुळे विषारी धुरापासून संरक्षण मिळाले, तरी अग्निशामक उष्णतेत अधिक काळ राहू लागला व त्याच्या अंगावरचे ओझेही वाढले. जाड पोशाखातून घाम बाष्परूपाने निघून जात नाही. परिणामी शरीराचे तापमान चढते, रक्तद्रवाचे प्रमाण घटते आणि हृदयाचे ठोके कमाल मर्यादेपर्यंत जातात. श्वसनसाहित्य न वापरल्यास कार्बन मोनॉक्साइड वायू रक्तातील हीमोग्लोबिनशी संयोग पावून ऑक्सिजनचा पुरवठा आणखी कमी करतो. झोपेतून घंटेच्या आवाजाने दचकून उठण्याचा ताण यात भर घालतो.

याचे गांभीर्य २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासाने स्पष्ट केले. १९९४ ते २००४ या काळात सेवेवर असताना झालेल्या १,१४४ मृत्यूंपैकी ४४९, म्हणजे सु. ३९ टक्के मृत्यू हृद्‌रोहिणीविकाराने झाले होते. प्रत्यक्ष आग विझविण्यात कामाचा १ ते ५ टक्के वेळच जात असूनही या हृद्‌रोहिणीविकाराच्या मृत्यूंपैकी सु. ३२ टक्के त्या वेळी घडले होते. तत्पूर्वी १९९७ मध्येच तेथील कर्मचारी संघटना व दलप्रमुखांची संघटना यांनी संयुक्त स्वास्थ्य कार्यक्रम आखला होता. त्यातून निघालेल्या भरती-चाचणीत सु. २२·७ किग्रॅ. वजनाचे जाकीट घालून जिना चढणे, नळी ओढणे, शिडी उभारणे इ. आठ कामे १० मिनिटे २० सेकंदांत करावी लागतात.

धोका केवळ हृदयाला नाही. न्यूयॉर्क येथे ११ सप्टेंबर २००१ रोजी ३४३ अग्निशामक मृत्युमुखी पडले. तेथील धुळीमुळे पुढे जडलेल्या आजारांनी मरण पावलेल्यांची संख्याही २०२३ मध्ये तेवढीच झाली. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०२२ मध्ये अग्निशामकाचा व्यवसाय मानवात कर्करोग उत्पन्न करणाऱ्या कारणांच्या पहिल्या गटात समाविष्ट केला. म्हणून आगीनंतर पोशाख व त्वचा धुणे हाही आता स्वास्थ्यरक्षणाचा भाग मानतात.

मुंबईचे दल १८८७ मध्ये नगरपालिकेकडे आले. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबई गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजाच्या स्फोटांत ६६ अग्निशामक मरण पावले; त्यांच्या स्मरणार्थ भारतात १४ एप्रिलपासून अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात. राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय १९५६ मध्ये रामपूर येथे स्थापन होऊन १९५७ मध्ये नागपूरला आले.

गोदीसारख्या दुर्घटनेत शरीरबल कोणासही वाचवू शकत नाही. हृद्‌विकाराने होणारे अनेक मृत्यू मात्र नियतकालिक वैद्यकीय तपासणी, रक्तदाबाचे नियंत्रण, धूम्रपानाचा त्याग, पुरेशी विश्रांती व कामाच्या वेळेतच व्यायामाची सोय यांनी टळू शकतात. त्यामुळे स्वास्थ्य ही अग्निशामकाची वैयक्तिक बाब नसून ते टिकविणे ही सेवायोजकाचीही जबाबदारी ठरते.