पटकीपासून कोरोनापर्यंत : वारी आणि वाटेवरची गावे



गेल्या वारीत एका मुक्कामावर रात्रीचे भजन आटोपून आम्ही पथाऱ्या टाकत होतो. दिंडीतला एक तरुण टाळकरी जवळ येऊन बसला. म्हणाला, "महाराज, राग धरू नका. प्लेगात, पटकीत आपल्या वाडवडिलांनी वारी सोडली नाही. मग २०२० साली आपणच घरी का बसलो? आपण भ्यालो का?"

त्याला त्या रात्री नीट उत्तर देता आले नाही. पण प्रश्न त्या एकट्याचा नाही. तुमच्यापैकी अनेकांच्या मनात तो आहे, हे मला ठाऊक आहे. म्हणून जे वाचले, वडीलधाऱ्यांकडून ऐकले आणि पाहिले, ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

प्रथम पटकी. कॉलऱ्याला आपली जुनी माणसे पटकी म्हणत. सकाळी उलट्या-जुलाब सुरू झाले की सांजेपर्यंत माणूस हाती लागेलच याचा भरवसा नसे. रोग पाण्यातून येतो हे तेव्हा आपल्याकडे कोणाला ठाऊक होते? रॉबर्ट कॉख या जर्मन शास्त्रज्ञाने १८८४ मध्ये कलकत्त्यात, तिथल्या तलावांचे पाणी तपासून, या रोगाचा जंतू पक्का केला. त्याआधी १८६६ मध्ये कॉन्स्टँटिनोपल येथे अनेक देशांची आरोग्य परिषद भरली होती. कॉलरा जगभर पसरण्यास यात्रा कारण होतात, असा ठपका तिथे ठेवला गेला. हाजची यात्रा त्यात होती आणि आपल्याकडच्या यात्राही होत्या. इंग्रज सरकारच्या आरोग्य अहवालांत पंढरपूरचे नाव वारंवार येते ते या संबंधात. त्यांच्या लेखी वारकरी म्हणजे रोग वाहून नेणारा माणूस.

आपल्या लोकांना याचा राग येणे साहजिक होते. सरकारला यात्रा खुपते, असे त्यांना वाटे. शिवाय वारकऱ्याचा एक ठाम भाव असे: पंढरीच्या वाटेवर मरण आले तर त्यासारखे भाग्य नाही. माझ्या आजोबांच्या तोंडून मी हे कितीदा तरी ऐकले. त्या भावाला मी आजही हात जोडतो. पण माउली, वाटेवर जो गेला तो गेला. जो परत आला आणि ज्याने आपल्या गावच्या विहिरीत पोहरा सोडला, त्या विहिरीचे पाणी पिणाऱ्या लेकराला कोणी विचारले होते का? ते लेकरू पंढरीच्या वाटेवर नव्हते. त्याने कोणता नेम धरला नव्हता.

इथे मरीआईच्या गाड्याची आठवण होते. गावात मरी शिरली की लोक लहानसा गाडा करीत, त्यात देवी बसवीत, नैवेद्य ठेवीत आणि वाजतगाजत गावच्या शिवेपलीकडे नेऊन सोडीत. मग शेजारचा गाव तोच गाडा आपल्या शिवेवरून पुढच्या गावाकडे लोटी. त्या लोकांना हसू नका. त्यांच्या हाती दुसरे काहीच नव्हते. पण संकट आपल्या शिवेबाहेर गेले की आपण सुटलो, पुढच्याचे पुढचा पाहील, ही वृत्ती त्या गाड्याबरोबर फिरत असे. ती गाड्याबरोबर संपली असे मला वाटत नाही.

आता प्लेग. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत मांडवी भागात डॉ. व्हिएगस यांनी पहिला रोगी ओळखला. पुढच्या फेब्रुवारीत सरकारने साथीच्या रोगांचा कायदा केला. १८९७ चा हा कायदा लक्षात ठेवा. रेल्वेच्या उतारूंची तपासणी सुरू झाली, जत्रायात्रांवर बंधने आली, मुंबईहून हाजला जाणारी जहाजेही थांबली. पुण्यात रँडसाहेब नेमला गेला. गोरे सोजीर घरांत शिरू लागले. देवघर पाहिले नाही, बायामाणसे पाहिली नाहीत, सामान रस्त्यावर फेकले. रोगी पकडून रुग्णालयात नेत, घरच्यांना वेगळ्या छावणीत. लोक प्लेगपेक्षा तपासणीला अधिक घाबरू लागले. रोगी लपवू लागले, प्रेतेही लपवू लागले. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. पुढचा इतिहास तुम्हाला ठाऊक आहे. या बंधूंचे वडील हरी विनायक चापेकर कीर्तनकार होते आणि ही मुले त्यांच्या कीर्तनात साथ करीत. आमच्या व्यवसायातली म्हणून ही गोष्ट मी विसरत नाही.

त्याच वर्षीच्या जानेवारीत हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस तयार केली आणि १० तारखेला प्रथम स्वतःला टोचून घेतली. तरीही लोक सुईपासून दूर पळत. जो सरकारी माणूस काल घरात बुटांसह शिरला, त्याच्यापुढे आज दंड कसा उघडा करावा? पुढे १९०२ मध्ये पंजाबातील मुल्कोवाल गावी एकाच बाटलीतली लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने मेले, तेव्हा भीती आणखी वाढली. ठपका हाफकिन यांच्यावर आला. त्यांची त्यातून सुटका व्हायला काही वर्षे गेली. लोक अडाणी होते म्हणून भ्याले, असे म्हणून मोकळे होता येत नाही.

त्याच साथीत एक वेगळे वागणे दिसते. सावित्रीबाई फुले यांचे पुत्र डॉ. यशवंत यांनी हडपसरजवळच्या माळावर प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना काढला होता. मुंढव्याजवळच्या वस्तीतले एक आजारी पोर सावित्रीबाईंनी पाठीवर घेऊन तिथे आणले. त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. धोका त्यांनीही पत्करला. पण तो दुसऱ्याचा भार स्वतःच्या पाठीवर घेण्याचा धोका होता. माउलींची पालखी पुण्याहून हडपसरवरून दिवे घाटाकडे जाते. त्या वाटेने जाताना त्या पोराची आठवण ठेवा.

१९१८ ची मानमोडी मी आजीकडून ऐकली. एकाला पोचवून यावे तो दुसऱ्याची तिरडी बांधायची. महायुद्धाच्या काळात ती जहाजांतून मुंबईला उतरली, पावसाळा गेल्यावर पुन्हा उसळली, त्यातच त्या वर्षी पावसाने दगा दिला. हिंदुस्थानात कोटीहून अधिक माणसे गेली. इतके मरण होऊनही आपल्या बोलण्यात तिचे नाव क्वचितच येते. असो.

मी दहा वर्षांचा असताना वडिलांबरोबर पहिल्यांदा वारीला निघालो. तेव्हा कॉलऱ्याची लस टोचून घ्यावी लागे, तिचा दाखला जवळ ठेवावा लागे. टोचणारा दिसला की आमच्या दिंडीतली निम्मी मंडळी शेतातून आडवाटेने निघायची. दंड सुजतो, ताप येतो, चाल चुकते, अशी कारणे. एक वर्षी दिंडीप्रमुखांनी काय केले? स्वतः पुढे झाले, अंगरखा वर सरकवला आणि टोचून घेतले. नंतर विणेकऱ्यांना बोलावले. तिसऱ्या नंबरला माझे वडील, चौथा मी. कोणी भाषण केले नाही. त्या दिवशी आडवाटेला कोणी गेले नाही. सरकारी कागदाने जे झाले नसते ते त्या एका उघड्या दंडाने झाले.

आता २०२० कडे येऊ. ९ मार्चला पुण्यात राज्यातले पहिले रुग्ण सापडले. १३ मार्चला तोच १८९७ चा कायदा राज्यात लागू झाला. १७ मार्चपासून विठ्ठल मंदिर दर्शनासाठी बंद झाले. हा रोग पटकीसारखा पाण्यातून येत नव्हता, श्वासातून येत होता. आणि ज्याच्याकडून येई त्याला पुष्कळदा स्वतःला रोग असल्याचा पत्ताच नसे.

अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात, स्कॅगिट भागात, एक गायनमंडळी आहे. आपल्या भजनी मंडळासारखीच समजा. १० मार्च २०२० रोजी त्यांची अडीच तासांची तालीम झाली. हात स्वच्छ केले, गळाभेट टाळली. ६१ जण गायले. त्यांतल्या एकाला सर्दीसारखे काहीतरी होते. पुढे ५३ जण आजारी पडले, दोघे दगावले. हे वाचले तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. गाणे! मोकळ्या गळ्याने गाणे हीच त्या विषाणूची वाट. उराउरी भेटणे, पायांवर डोके ठेवणे, एका पंगतीला बसणे, दाटीवाटीने उभे राहून नाव घेणे, हे आपले सर्व वैभवच नेमके त्याच्या सोयीचे होते.

मेच्या अखेरीस संस्थाने आणि सरकार यांच्या बैठकीत ठरले की पायी सोहळा निघणार नाही. १२ जूनला देहूतून आणि १३ जूनला आळंदीतून प्रस्थान झाले, मोजक्या मंडळींत. दशमीला, ३० जूनला, पादुका एसटीच्या बसने पंढरीस गेल्या. टाळकऱ्याला मी विचारतो: त्या जूनमध्ये पुण्यात रोग किती पसरला होता, आठवते का? पालख्या पुण्यात मुक्काम करतात आणि तिथून सासवड, जेजुरी, वाल्हे, लोणंद, फलटण, नातेपुते, माळशिरस, वेळापूर अशी गावे घेत सुमारे अडीचशे किलोमीटर चालतात. लाखो माणसे ओसरीवर निजतात, चुलीपुढे बसतात. मरीआईचा गाडा आपण हातांनी लोटला नसता. आपणच गाडा झालो असतो.

परंपरेला हे परके नाही. अरणचे सावता महाराज मळा सोडून पंढरीला गेले नाहीत. आजही त्यांची पालखी पंढरीला जात नाही, पांडुरंगाची पालखी अरणला येते. नाथ महाराजांनी रामेश्वराला नेण्याची कावड वाटेतल्या तहानलेल्या गाढवाच्या मुखी ओतली. आम्ही कीर्तनकार ही कथा वर्षानुवर्षे सांगत आलो. नेम मोडण्याची आमच्यावर पाळी येईल असे मात्र कोणाला वाटले नव्हते.

एक कडू गोष्टही सांगितली पाहिजे. त्या मार्चमध्ये दिल्लीत तबलिगी मंडळींचा मेळावा झाला आणि पारावर, मोबाईलवर आपण सगळे बोलू लागलो की रोग पसरवला तो यांनीच. मीही बोललो. ऑगस्टमध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने त्यांतल्या परदेशी पाहुण्यांवरचे गुन्हे रद्द केले, त्यांना बळीचा बकरा केल्याचे म्हटले. शंभर-दीडशे वर्षांपूर्वी इंग्रजांच्या कागदांत जे विशेषण आपल्याला लागले होते, तेच आपण दुसऱ्याला लावले. पुढच्याच एप्रिलात हरिद्वारला कुंभ भरला आणि दुसरी लाट उसळलेली असताना पंढरपूर-मंगळवेढ्याची पोटनिवडणूक झाली. सभांना गर्दी होती, देवाच्या दारी कुलूप होते. लोकांनी कोणाचे ऐकावे?

पण दुसऱ्याकडे बोट किती दाखवू? त्याच दिवसांत एका गावाने सप्ताहातल्या कीर्तनासाठी मला बोलावले. थोड्याच मंडळींत करू म्हणाले, जमले दोनशेच्या वर. घरची नको म्हणत होती. मला दोन दिवस जरा कणकण होती. ऋतू बदलतो आहे, असे म्हणून गेलो. मरणाला मी भीत नव्हतो, हे खरे सांगतो. कीर्तनात तसे बोललोही आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. सोळा वर्षे माझ्या शेजारी उभा राहून मृदंग वाजवणारा माणूस त्यानंतर अठराव्या दिवशी गेला. त्याला रोग माझ्याकडून आला, की गर्दीतून, की आणखी कुठून, हे कोणी सांगू शकणार नाही. मी माझ्या मरणाचा हिशेब केला होता. त्याच्या मरणाचा केला नव्हता. तो मला नाही म्हणूच शकला नसता, महाराजांनी बोलावले होते ना! त्यानंतर मी नारदाच्या गादीवर उभा राहिलो नाही.

२०२१ मध्ये मानाच्या दहा पालख्या पुन्हा बसनेच गेल्या. काही मंडळींनी पायीच जाण्याचा आग्रह धरला, पोलिसांनी अडवले. मागणी सर्वोच्च न्यायालयात गेली, तिथेही मान्य झाली नाही. त्या मंडळींची तळमळ मी खोटी म्हणत नाही. २०२२ च्या जूनमध्ये सोहळा पूर्ववत पायी निघाला.

त्या वर्षी मी थकल्या पायांनी, निम्मी वाट टेंपोत बसून, दिंडीबरोबर गेलो. आमचा एक मुक्काम तीन पिढ्या एकाच घरी असतो. त्या घरची म्हातारी आम्हाला पिठलं-भाकरी वाढायची आणि पहाटे निघताना प्रत्येकाच्या पायांवर पाणी घालायची. दुसऱ्या लाटेत ती गेली होती. तिचा मुलगा वाढत होता. जेवण झाल्यावर मी त्याला बाजूला घेऊन विचारले, "बाबा, २०२० ला आम्ही चालत आलो असतो, तर तू आम्हाला घरात घेतलं असतंस का? खरं सांग."

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "माउली, तुम्ही दारात आल्यावर आई नाही म्हणाली असती का?"