आग्रा पुढच्या वर्षी, आधी चांदा



स्नेहसंमेलनाची तारीख पक्की झाली आणि लगेच दुसरा विषय निघाला. पुढच्या हिवाळ्यात सगळ्यांनी मिळून तीन दिवस एखादे ऐतिहासिक शहर पाहून यायचे. आग्रा, जयपूर, हंपी, म्हैसूर अशी नावे आली. नियोजन माझ्याकडे आले, कारण मी सॉफ्टवेअरमध्ये आहे आणि तक्ते मला बरे जमतात असा सर्वांचा समज आहे. तक्ता तयार आहे. फक्त शहराच्या रकान्यात मी चंद्रपूर लिहिले आहे.

हसण्याआधी थोडे ऐका. आग्र्याला आपण काय पाहणार? एका राजवटीची राजधानी, तिचे तट-दरवाजे आणि प्रिय माणसासाठी बांधलेली समाधी. हे सगळे आपल्या गावात आहे. तिथे तिकीट काढून आत जावे लागते, इथे आपण दप्तर पाठीवर टाकून रोज जटपुरा गेटमधून ये-जा केली. रोजच्या वाटेवरचे पाहायचे राहूनच जाते. अकबराच्या काळी लिहिलेल्या 'आईन-ए-अकबरी'त चांद्याच्या बाबाजी राजाची नोंद आहे, आणि आज गडचिरोली जिल्ह्यात असलेल्या वैरागडच्या हिऱ्यांच्या खाणीचीही. म्हणजे आग्र्याला चांदा ठाऊक होता. आपल्या मुलांना मात्र चंद्रपूर म्हणजे आजीचे घर, औष्णिक वीज केंद्र आणि ताडोबा एवढेच ठाऊक आहे. त्यांनाही सोबत आणा.

हिवाळाच का, हे आपल्याला सांगायला नको. मे महिन्यात ४७ अंशांत दगडी तटावर कोणाला चढवणार? डिसेंबर-जानेवारीत सकाळी स्वेटर, दुपारी कोवळे ऊन, धान निघालेले आणि वांगी बाजारात आलेली.

पहिला दिवस : परकोटाच्या आत

सुरुवात झरपट नदीकाठच्या अचलेश्वर मंदिरापासून करू, कारण शहराची कथाच तिथून सुरू होते. बल्लारपूरचा गोंडराजा खांडक्या बल्लाळशाह अंगावरच्या फोडांनी त्रस्त होता. शिकारीला निघाला असता तहान लागली म्हणून झरपटीच्या डबक्यातले पाणी प्यायला, आणि त्याचे दुखणे बरे झाले. तिथे अचलेश्वराचे मंदिर उभे राहिले. पुढे त्याच रानात एक ससा पळण्याऐवजी उलट राजाच्या कुत्र्याच्या मागे लागला. सशाच्या कपाळावर चंद्रासारखा पांढरा ठिपका होता. राणीने सल्ला दिला की ही भूमी पराक्रमाची आहे, इथेच शहर वसवा आणि ससा जिथून धावला त्या वाटेने तट बांधा. ही दंतकथा इंग्रज अधिकारी लुसी स्मिथ यांनी १८६९ च्या जमीन महसुलाच्या अहवालात नोंदवून ठेवली. इतिहासकार शहराची स्थापना पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात धरतात. तटाचे काम पुढे काही पिढ्या चालले.

या तटाचा घेर सुमारे ११ किलोमीटर सांगितला जातो. चार दिशांना चार दरवाजे आहेत : उत्तरेला जटपुरा, पूर्वेला अचलेश्वर, दक्षिणेला पठाणपुरा, पश्चिमेला बिनबा. शिवाय पाच खिडक्या आहेत : बगड, हनुमान, विठोबा, चोर आणि मसाण. बिनबा गेटबाहेर भेटू, विठोबा खिडकीजवळ ट्युशन आहे, असे आपण सहज बोलायचो. ते सगळे पत्ते एका राजधानीच्या नकाशातले होते. दरवाज्यांवर हत्तीला नमवणारा सिंह कोरला आहे. ते गोंडराजांचे राजचिन्ह. जटपुऱ्याला सिग्नल लागला की मान वर करून पाहा, अजून आहे.

या राजांनी नुसते तट बांधले नाहीत. हिरशाहाने जाहीर केले होते की जो जंगल साफ करून शेती करील त्याला ती जमीन मिळेल, आणि जो तलाव बांधील त्याला त्या पाण्यावर भिजेल तेवढी जमीन इनाम मिळेल. तलाव बांधल्याबद्दल मिळालेल्या अशा जमिनीला 'तुकूम' म्हणत. आता तुकूमच्या ऑटोत बसताना हा शब्द आठवा. आपल्या जिल्ह्यातली धानशेती आणि गावोगावचे तलाव यांमागे हा हिशेब आहे. पाणी साठवणाऱ्यालाच जमीन, असा साधा आणि पक्का नियम.

अचलेश्वर मंदिराच्या आवारातच गोंडराजांच्या समाध्या आहेत. त्यातली सर्वांत भव्य बीरशाहाची. १७०४ च्या सुमारास त्याचा खून झाला. त्याची राणी हिराई हिने ही समाधी उभारली. मुलगा नव्हता म्हणून रामशाहाला दत्तक घेतले आणि तो लहान असताना राज्याचा कारभार स्वतः पाहिला. महाकालीचे आजचे मंदिरही हिराईचे. चैत्रातल्या यात्रेला नांदेड-परभणीकडून लाखो भाविक येतात, ते ज्या देवळात डोके टेकतात ते एका गोंड राणीने बांधले आहे. आग्र्याला बादशहाने बेगमेसाठी समाधी बांधली, आपल्याकडे राणीने राजासाठी. आपल्या मुलींना हे या समाधीसमोर उभे करूनच सांगावे असे मला वाटते. रामाळा तलाव हा याच रामशाहाच्या नावाचा.

दुपारी लालपेठकडे जाऊ. तिथे उघड्यावर अखंड दगडातल्या प्रचंड मूर्ती आहेत : दहा तोंडांची दुर्गा, नंदी, मत्स्य, कूर्म. रायप्पा नावाच्या व्यापाऱ्याला मोठे शिवमंदिर बांधायचे होते. त्याच्या हयातीत ते झाले नाही आणि मूर्ती जागच्या जागी राहिल्या. अर्धवट सुटलेले प्रकल्प आमच्याही धंद्यात खूप असतात, पण तीन-चारशे वर्षे टिकलेला मी हा एकच पाहिला.

त्यानंतरचा इतिहास भराभर घडला. १७५१ मध्ये नागपूरकर रघुजी भोसल्यांनी चांदा घेतला आणि गोंडांचे राज्य संपले. मे १८१८ मध्ये इंग्रजांनी तोफांनी तट फोडला. किल्लेदार गंगासिंग लढताना पडला. १८५३ मध्ये तिसरे रघुजी वारल्यावर नागपूरचे राज्यच खालसा झाले.

मग १८५८ आले. मोलमपल्लीचे तरुण जमीनदार बाबुराव शेडमाके यांनी गोंड तरुणांची फौज उभारून इंग्रजांशी झुंज दिली. अडपल्लीचे व्यंकटराव त्यांच्यासोबत होते. २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगात बाबुरावांना फाशी दिली. वय होते अवघे २५. २००९ मध्ये टपाल खात्याने त्यांच्या नावाचे तिकीट काढले. कारागृह आजही चालू आहे, म्हणून बाहेरूनच नमस्कार करायचा.

संध्याकाळ दीक्षाभूमीवर. नागपूरची धम्मदीक्षा १४ ऑक्टोबर १९५६ ची, हे सगळ्या देशाला माहीत आहे. दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबरला, बाबासाहेब चांद्याला आले आणि इथे दीक्षेचा सोहळा झाला. आपल्यातल्या कितीतरी जणांचे आजी-आजोबा त्या दिवशी त्या मैदानात होते. हा इतिहास अजून घराघरांत सांगितला जातो. ज्यांच्या घरी तो आहे त्यांनी त्या संध्याकाळी तो सर्वांना सांगावा.

दुसरा दिवस : बल्लारपूर आणि भद्रावती

सकाळी दक्षिणेला बल्लारपूर. रेल्वेत आपण 'बल्लारशाह' वाचतो, ते या राजघराण्याचेच नाव. वर्धा नदीच्या काठावरचा किल्ला ही चांद्याआधीची राजधानी. शेवटचा राजा नीलकंठशाह याला भोसल्यांनी याच किल्ल्यात कैदेत ठेवले. जिथून सुरुवात झाली तिथेच शेवट झाला.

दुपारी उलट दिशेला भद्रावती, म्हणजे जुने भांदक. हे चांद्याहून कितीतरी प्राचीन. विजासन टेकडीत बौद्ध लेणी आहेत. लांब अंधाऱ्या बोगद्याच्या टोकाला बसलेले बुद्ध दिसले की सोबतची सगळी गडबड आपोआप थांबते. इथे राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याचा इ. स. ७७२ चा ताम्रपट सापडला. शिवाय भद्रनागाचे मंदिर आणि केसरिया पार्श्वनाथाचे जैन तीर्थ. एका गावात तीन धर्मांची स्थळे, आणि तीनही ठिकाणी आजही माणसांची वर्दळ आहे.

तिसरा दिवस : वैनगंगेपलीकडे

आपल्यातल्या बहुतेकांचा जन्म अखंड चंद्रपूर जिल्ह्यातला. गडचिरोली वेगळा झाला तो २६ ऑगस्ट १९८२ ला, तेव्हा आपण रांगत होतो किंवा नुकतेच चालायला लागलो होतो. कागदावर जिल्हे दोन, इतिहास एकच. म्हणून तिसऱ्या दिवशी मूल-सावली करत वैनगंगा ओलांडायची आणि मार्कंडा गाठायचे. नदी इथे उत्तरेकडे वळते आणि वळणावर दगडी देवळांचा समूह उभा आहे. अलेक्झांडर कनिंगहॅमने १८७० च्या दशकात ही देवळे पाहून त्यांच्या शिल्पांची मोठी प्रशंसा केली होती. मुख्य मंदिराची पडझड झाली आहे. पुरातत्त्व विभागाने दगड उतरवून ते पुन्हा रचण्याचे काम हाती घेतले आहे.

रात्री जवळपास झाडीपट्टीचे नाटक असेल तिथे जाऊ. दिवाळीनंतर वडसा परिसरातल्या मंडळ्या गावोगावी निघतात आणि होळीपर्यंत रात्रभर नाटके चालतात. याच रंगभूमीवरच्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. उबदार चादर आणि शेंगदाणे सोबत ठेवा. पहाटेपर्यंत बसायची तयारी हवी.

हे सगळे कशासाठी?

कारण तट बोलत नाही. २०१७ मध्ये 'इको-प्रो' संस्थेच्या बंडू धोतरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झाडाझुडपांत, कचऱ्यात बुडालेला हा तट हाताने साफ करायला घेतला. दोनशेहून अधिक दिवस ते रोज पहाटे काम करत राहिले. पंतप्रधानांनी त्या वर्षी ऑक्टोबरच्या 'मन की बात'मध्ये त्याचा उल्लेख केला. ती साफसफाई झाली म्हणून आज आपण बुरुजावर उभे राहू शकतो. पण झुडपे दर पावसाळ्यात परत उगवतात. शहर वाढते, गेटमध्ये वाहने अडकतात आणि जुना दगड अडचण वाटू लागतो. आमच्या कामात जुन्या सिस्टीममधली एखादी ओळ पुसण्याआधी ती कोणी आणि का लिहिली हे शोधण्याचा नियम आहे. तटालाही तो लागू करावा.

आणखी एक. आपल्या वर्गाची हजेरी आत्राम या आडनावाने सुरू व्हायची. पुढे मडावी, मेश्राम, शेडमाके यायचे. त्यातले काही जण अहेरी-एटापल्लीकडून वसतिगृहात राहायला आलेले, वर्गात फारसे न बोलणारे. गावाकडून आलेली मुले, एवढीच त्यांची ओळख आपण धरली होती. चांद्याच्या राजघराण्याचे आडनावही आत्राम होते. ज्या शहरात ती मुले पाहुण्यासारखी वावरली, ते त्यांच्याच पूर्वजांनी वसवले होते. म्हणून या सहलीत पहिल्या दिवशी पुढे चालायचा मान त्यांचा, आणि बाकीच्यांनी मागून ऐकत यायचे, असे मी तक्त्यात लिहिले आहे.

ज्या गुरुजनांना चालणे जड जाते त्यांच्यासाठी पहिल्या दिवशी गाडीची सोय करू. जेवण म्हणून पानगे आणि वांग्याची भाजी ठरवली आहे, हरकत असेल तर आत्ताच कळवा. नावनोंदणी संमेलनाच्या दिवशीच, माझ्याकडे. आग्रा कुठे जात नाही, त्याची काळजी घ्यायला सगळे जग आहे. चांद्याला आपण आहोत.