अण्णासाहेब लठ्ठ्यांचे शाहूचरित्र

राजर्षी शाहूंचे पहिले मोठे चरित्र लिहिले ते अण्णासाहेब लठ्ठ्यांनी, आणि ते दरबारी म्हणून बाजूला सारण्याची सवय अभ्यासकांना लागली आहे. आक्षेपाला आधार आहे. महाराज ६ मे १९२२ रोजी गेले आणि १९२४ मध्ये इंग्रजीतले दोन खंड छापूनही झाले. लेखक ब्राह्मणेतर चळवळीतला आघाडीचा कार्यकर्ता, आणि पुढे तोच कोल्हापूरचा दिवाण झाला. तरीही हे पुस्तक इतिहास म्हणूनच वाचावे, असे मला ठामपणे वाटते.

कुरुंदवाडचे लठ्ठे राजाराम कॉलेजात इंग्रजीचे प्राध्यापक होते आणि नंतर संस्थानच्या शिक्षणखात्यात गेले. १९१४ च्या डांबर प्रकरणात, म्हणजे इंग्रज राजघराण्यातल्या व्यक्तीच्या पुतळ्याला कोल्हापुरात डांबर फासले गेले तेव्हा, संशय त्यांच्यावर आला आणि महाराजांची मर्जी उतरली. त्यांच्याविरुद्ध खोटी साक्ष द्यावी म्हणून तरुण भाऊराव पाटलांवर, म्हणजे पुढच्या कर्मवीरांवर, दबाव आला. भाऊरावांनी तुरुंग पत्करला, साक्ष दिली नाही. लठ्ठ्यांनी संस्थान सोडले आणि बेळगावात वकिली केली. ज्याने दरबाराचा रोष असा सोसला, त्याला नुसता भाट म्हणणे अन्यायाचे आहे. पुढे महाराजांशी त्यांचा समेट झाला, आणि समेटानंतर माणूस जास्तच गोड बोलू लागतो, असे कोणी म्हणेल. म्हणूनच त्यांची स्तुती नव्हे, त्यांची पद्धत तपासायला हवी.

ती पद्धत वृत्तपत्राने घडवलेली आहे. ‘डेक्कन रयत’ चालवताना, माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांच्या वादात, ब्राह्मणेतरांना स्वतंत्र प्रतिनिधित्व का हवे हे त्यांना सरकारला पटवायचे होते. तिथे भावनेपेक्षा दाखला चालतो. चरित्रातही ते पत्रे आणि हुकूम वाचकासमोर ठेवतात, त्यामुळे लेखकाचा कल ओळखता येतो आणि वजाही करता येतो. २६ जुलै १९०२ चा हुकूमच घ्या. रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या मागासलेल्या वर्गांना द्यायच्या आणि प्रत्येक खातेप्रमुखाने दर तिमाहीला तक्ता पाठवायचा. महाराजांना अधिकार मिळाले तेव्हा, १८९४ मध्ये, सामान्य प्रशासनातल्या ७१ जागांपैकी ६० ब्राह्मणांकडे होत्या. हा आकडा आणि तो तिमाही तक्ता शेजारी ठेवला की हुकूम किती नेमका होता ते कळते, लठ्ठ्यांच्या विशेषणांची गरज उरत नाही.

वेदोक्ताच्या, म्हणजे महाराजांचे धार्मिक विधी वेदमंत्रांनी व्हावेत की नाही या वादाच्या, बाबतीत मात्र ते एका बाजूचे आहेत. तिथे ‘केसरी’चे ऑक्टोबर १९०१ मधले लेखही समोर घेऊनच बसावे. दुसरी उणीव मला जास्त खुपते. १९१७ च्या सक्तीच्या शिक्षणात मूल शाळेत न पाठवणाऱ्या आईबापांना महिन्याला एक रुपया दंड होता. मुलाला गुरांमागे धाडल्याशिवाय ज्याचे भागत नव्हते, त्या कुळाला हा रुपया कसा वाटला, हे राजवाड्यातल्या पत्रव्यवहारावर उभ्या राहिलेल्या चरित्रातून उमगणे अवघड आहे. त्यासाठी गावोगावची दप्तरेच उघडावी लागतील.