कोणता पैसा जपावा?

पै गेली, छदाम गेला, दिडकी गेली. मराठी बोलण्यात मात्र ती अजून चालतात. नया पैशाच्या वाट्याला हे भाग्य आले नाही. ३० जून २०११ पासून पंचवीस पैसे व त्याखालील सर्व नाणी चलनातून बाद झाली. डब्यांत उरलेल्या या नाण्यांपैकी कोणती जपावी, हा प्रश्न केवळ हौशी संग्राहकाचा नाही. इतिहासाच्या वाचकाचाही आहे.

जुने ते मोलाचे, असा सर्वसाधारण समज असतो. एक पैशाची नाणी विपुल पाडली गेली; केवळ वयामुळे त्यांतील एखादे दुर्मिळ ठरत नाही. आमच्या मते, ज्या नाण्यावर काही बदल घडताना दिसतो तेच जपावे.

असा पहिला बदल १९५७ चा. संसदेने १९५५ मध्ये नाणेविषयक कायदा दुरुस्त केला व १ एप्रिल १९५७ पासून दशमान पद्धती अमलात आली. तोवर रुपयाचे १६ आणे वा ६४ पैसे होत. पैसा आता रुपयाचा शंभरावा भाग झाला. नुसते जुने नाव ठेवले असते तर व्यवहारात गोंधळ माजला असता. म्हणून ‘नया’ हे विशेषण जोडले गेले आणि नाण्यावर ‘रुपये का सौवाँ भाग’ अशी अक्षरे आली. तरीही हिशोब सोपा नव्हता. आण्याचे सव्वासहा नये पैसे होत. पाव पैशाचे नाणे नसल्याने एका आण्याला ६, तर तीन आण्यांना १९ पैसे धरावे लागत. ही सारी अडचण १९५७ च्या ब्राँझच्या पैशात साठलेली आहे.

१९६२ चा पैसा दोन धातूंत सापडतो, तांबूस ब्राँझमध्ये आणि पिवळसर निकेल-पितळेत. ती जोडी ठेवावी. १ जून १९६४ पासून ‘नया’ हा शब्द गळाला. सात वर्षांत नवे ते रुळले, याची ही राजमान्य कबुलीच होय. पुढे १९६५ चा पैसा ॲल्युमिनियमचा व चौकोनी निघाला. दीड ग्रॅमचे वजन पाऊण ग्रॅमवर आले. नाण्यातील धातू दर्शनी किमतीहून महाग झाला की नाणे बाजारातून मुशीत जाते. धातूंच्या वाढत्या भावांचा याहून बोलका दाखला तळहातावर मावणार नाही.

सालाखालची बारीक खूणही पाहावी. हिरा मुंबईच्या टांकसाळीचा, तारा हैदराबादचा. कलकत्त्याच्या नाण्यावर खूणच नसते. हैदराबादच्या प्रारंभीच्या नाण्यांवर ताऱ्याऐवजी दुभंगलेला किंवा पोटात ठिपका असलेला हिरा आढळतो. ही टांकसाळ निजामाच्या राज्याची. १९५० मध्ये ती भारत सरकारकडे आली. जेथून चारमिनारची मुद्रा असलेली नाणी निघत, तेथूनच सारनाथच्या सिंहांची निघू लागली. राज्य बदलल्याची ही नोंद एवढ्याशा खुणेत टिकली आहे.

एक सूचना करावीशी वाटते. नाणे चिंचेने घासून चकचकीत करू नये. घासल्याने त्याचा मूळ पृष्ठभाग जातो, आणि जाणकाराच्या लेखी त्याची किंमतही. सहा-सात पैसे निवडून कागदात गुंडाळून ठेवले तरी पुरे. बाजारात त्यांना कदाचित फारसे काही मिळणार नाही. पण एका देशाने आपला रोजचा हिशोब कसा बदलला, हे पुढच्या पिढीला हातात घेऊन पाहता येईल.