फळ्यापुढच्या परीक्षेची कुळकथा

टेनिसच्या बाद पद्धतीच्या स्पर्धेत १२७ खेळाडू उतरले आहेत. विजेता ठरेपर्यंत किती सामने होतील?

१९५७ साली कॅलिफोर्नियातल्या माउंटन व्ह्यू इथे नोकरीसाठी आलेल्या जेम्स गिबन्स या तरुण इंजिनिअरला हे कोडं घातलं गेलं. विचारणारे होते विल्यम शॉक्ली, ट्रान्झिस्टरसाठी आदल्याच वर्षी नोबेल मिळालेले. त्यांच्या हातात स्टॉपवॉच होतं. पहिल्या फेरीत ६३ सामने आणि एकाला पुढे चाल, मग ३२, मग १६, अशी बेरीज बहुतेक जण करत बसतात. गिबन्स यांनी कोडं दुसऱ्या टोकाने धरलं. प्रत्येक सामन्यात एक जण बाद होतो. विजेता सोडून १२६ जण बाद व्हायचेत. म्हणजे सामने १२६. उत्तर इतक्या झटपट आलं की शॉक्लीच अस्वस्थ झाले. पुढच्या कोड्याला गिबन्स यांना वेळ लागला, तेव्हा कुठे शॉक्लींचा जीव भांड्यात पडला. लेखक विल्यम पाउंडस्टोन यांनी हा प्रसंग नोंदवून ठेवला आहे.

पुण्याजवळच्या हिंजवडीत आयटी कंपनीचा टेक्निकल राउंड दिलेल्या कुणालाही ही खोली ओळखीची वाटेल. पॅनेल बदललं, घड्याळ भिंतीवर किंवा स्क्रीनच्या कोपऱ्यात गेलं, एवढंच. शॉक्लींच्या पारखीचं पुढे काय झालं, तेही लक्षात ठेवण्यासारखं आहे. त्यांनी निवडलेली माणसं खरोखर हुशार होती. पण त्याच वर्षी त्यांतले आठ जण शॉक्लींच्या कंपनीतल्या कारभाराला कंटाळून बाहेर पडले आणि त्यांनी फेअरचाइल्ड सेमिकंडक्टर उभी केली.

या परीक्षेची दुसरी शाखा प्रोग्रामरच्या टंचाईतून फुटली. १९५० च्या दशकात कंपन्या संगणक घेऊ लागल्या, पण ते चालवायला माणसं कुठून आणायची? या विषयाची पदवीच नव्हती. अमेरिकेतला पहिला संगणकशास्त्र विभाग पर्ड्यू विद्यापीठात निघाला तो १९६२ साली. म्हणून आयबीएमने १९५५ मध्ये प्रोग्रामर निवडण्यासाठी एक चाचणी तयार केली. अंकमालिका पुरी करा, आकृत्यांतलं साम्य ओळखा, गणिती उदाहरणं सोडवा. चाचणीतले गुण आणि प्रत्यक्ष काम यांचा मेळ लागत नाही, हे पुढच्या दहा-पंधरा वर्षांतल्या अभ्यासांत दिसू लागलं होतं. तरी चाचणी टिकली, कारण हजारो अर्जांतून शंभर निवडायला ती स्वस्त पडत होती. आपल्या कॉलेजांत कॅम्पसच्या मोसमात मुलं ज्याला ‘ॲप्टी’ म्हणतात, त्यातले प्रश्न याच जातीचे आहेत.

१९९० च्या दशकात मायक्रोसॉफ्टच्या मुलाखतींनी कोडी आणि फळ्यावरचा कोड यांचं लग्न लावलं. मॅनहोलचं झाकण गोल का असतं, हा प्रश्न तिथूनच गाजला. बाकीच्यांनी तोच कित्ता गिरवला. २०१३ साली गूगलचे मनुष्यबळ प्रमुख लॅझ्लो बॉक यांनी जाहीरपणे सांगितलं, की असल्या कोड्यांवरून पुढच्या कामाचा काहीही अंदाज येत नाही, तो निव्वळ वेळेचा अपव्यय आहे. कोडी मागे पडली. फळा मात्र राहिला.

माझ्या पहिल्या मुलाखतीत मला फळ्यावर बायनरी सर्च लिहायला सांगितलं होतं. क्रमाने लावलेल्या यादीचा मध्य बघायचा, निम्मी यादी सोडून द्यायची, उरलेल्या निम्म्यात पुन्हा तेच. यादीच्या टोकाशी आलो आणि हात थांबला. इतकं साधं आपल्याला येत नाही, हे शल्य कितीतरी महिने गेलं नाही.

ते साधं नव्हतं, हे फार उशिरा कळलं. संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड कनूथ यांनी नोंदवलंय, की ही पद्धत पहिल्यांदा प्रसिद्ध झाली १९४६ साली. कोणत्याही लांबीच्या यादीवर बरोबर चालणारी मांडणी छापून आली थेट १९६० साली. जॉन बेंटली यांनी व्यवसायाने प्रोग्रामर असलेल्या शंभराहून अधिक लोकांना दोन-दोन तास देऊन ती लिहायला लावली, तर तपासताना नव्वद टक्के लोकांना आपल्याच कोडमध्ये चुका सापडल्या. आणि २००६ मध्ये जोशुआ ब्लॉक यांनी कबूल केलं, की जावासाठी त्यांनी स्वतः लिहिलेल्या बायनरी सर्चमध्ये एक चूक सुमारे नऊ वर्षं दडून होती: यादी प्रचंड मोठी असली की मध्य काढतानाची बेरीजच मावत नव्हती. बेंटलींच्या प्रोग्रामिंगवरच्या पुस्तकातही तीच चूक होती.

मग फळ्यापुढे नेमकं काय मोजलं जातं? २०२० मध्ये नॉर्थ कॅरोलिना स्टेट विद्यापीठ आणि मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी ४८ विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. काहींनी परीक्षकासमोर, बोलत बोलत प्रश्न सोडवला. काहींनी तसाच प्रश्न बंद खोलीत एकट्याने. नजरेखाली असलेल्यांची कामगिरी निम्म्याहून खाली आली. मुली संख्येने थोड्या होत्या, पण एकट्याने सोडवणाऱ्या सगळ्या उत्तीर्ण झाल्या आणि परीक्षकासमोरच्या सगळ्या अनुत्तीर्ण.

आता मी पॅनेलच्या बाजूला बसतो, तेव्हा प्रश्न सांगून पहिली पाच मिनिटं खोलीबाहेर जातो. आणि तयारी करणाऱ्यांना या कुळकथेतूनच चार गोष्टी सांगतो. स्टॉपवॉच शॉक्लींच्या हातात होतं. तुम्ही ‘दोन मिनिटं शांतपणे विचार करू द्या’ असं बेधडक मागा. १२७ खेळाडू झेपत नसतील तर तीन घ्या, सामने मोजा, मग चार घ्या. लहान उदाहरणातून वाट सापडते. कोड झाला की रिकामी यादी, एकाच घटकाची यादी आणि दोन्ही टोकं स्वतःहून तपासा, कारण भल्याभल्यांची गाडी तिथेच घसरली आहे. आणि सराव एकट्याने करू नका. मित्राला समोर बसवा, उभं राहून, बोलत लिहा. नजरेची सवय व्हायला हवी, कारण परीक्षा तिचीही आहे.

एवढं करूनही नकार येईल. त्या संध्याकाळी प्रश्न वहीत उतरवून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी दार लावून, निवांत सोडवा. बहुधा सुटेल.